वाचकांचे प्रश्न : कामुरोचो पाहायला जाताना

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ 'लाइक अ ड्रॅगन' ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका, जी पूर्वी 'याकुझा' या नावाने विकली जात असे, कॉलेजपासून खेळत आलो आहोत. येत्या नोव्हेंबरात आई-बाबांसह जपानला जाण्याचे ठरले आहे. गेममधील 'कामुरोचो' टोकियोतील ज्या वस्तीवरून उभारले आहे, ती पाहण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी असा आम्हा भावांचा आग्रह आहे. बाबांनी मात्र त्या वस्तीविषयी कुठेसे वाचले आणि "तिथे आईला न्यायचे नाही" असे सांगून विषय संपवला. वस्ती खरोखरच इतकी वाईट आहे काय? आणि गेममधील रस्ते तिथे ओळखू येतात काय?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : बाबांनी वाचले ते खोटे नाही आणि तुमचा आग्रहही अवाजवी नाही. दोन्हींचा मेळ घालायचा असेल, तर घरातली चर्चा 'कुठे जायचे' यावरून 'किती वाजता जायचे' यावर आणा. कामुरोचो म्हणजे शिंजुकू प्रभागातील काबुकिचो. ही रात्रीच्या धंद्यांची वस्ती आहे. मद्यालये, होस्ट क्लब (जिथे तरुण पुरुष पैसे घेऊन स्त्री-ग्राहकांना सोबत करतात) आणि तासाच्या हिशेबाने खोल्या देणारी हॉटेले तिथे उघडपणे चालतात, आणि रात्र चढली की तिथले वातावरण आई-वडिलांना घेऊन हिंडण्यासारखे राहत नाही. परंतु नोव्हेंबरात टोकियोचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. नागपुरात ज्या वेळी चहाचे आधण ठेवलेले असते, त्या वेळी काबुकिचोच्या पाट्या उजळू लागतात. चारच्या सुमारास पोहोचा, उजेडात रस्ते पाहून घ्या, दिवे लागताना तिथेच असा आणि सातच्या आत परतीला लागा. गेममधील ज्या झगमगाटासाठी तुम्ही जाणार आहात, तो साडेपाचलाही तसाच असतो. त्याच्या आडोशाने चालणाऱ्या गोष्टींना मात्र तेव्हा नुकती सुरुवात झालेली असते.

रस्ते ओळखू येतात, आणि तेही आश्चर्य वाटावे इतके. शिंजुकू स्थानकाच्या पूर्वेकडील दाराने बाहेर पडून उत्तरेला चालू लागले की यासुकुनी-दोरी हा रुंद रस्ता आडवा येतो. गेममध्ये त्याचेच शोवा-दोरी झाले आहे. तो ओलांडताना समोर लाल दिव्यांची जी कमान दिसते ती काबुकिचो इचिबानगाईची, आणि तुमच्या ओळखीच्या तेन्काइची-दोरीच्या कमानीचे मूळ तेच. आत गेल्यावर लागणारा, चित्रपटगृहांनी वेढलेला चौक म्हणजे थिएटर स्क्वेअर. पूर्वेच्या टोकाला, दोन माणसांनी अंग चोरून एकमेकांना वाट द्यावी इतक्या अरुंद गल्ल्यांतून दाटीने उभ्या असलेल्या दुमजली मद्यालयांची गोल्डन गाई ही वस्ती आहे. गेममधील चॅम्पियन डिस्ट्रिक्ट तिच्यावरूनच घेतले आहे. डॉन किहोते हे दुकान तर खऱ्या नावानिशी गेममध्ये आले आहे. पैसे टाकले की यंत्राने फेकलेला चेंडू जाळीच्या आत उभे राहून टोलवायचे बॅटिंग सेंटरही काबुकिचोत आहे, आणि धाकट्या भावाला तिथून बाहेर काढणे हेच त्या संध्याकाळचे अवघड काम ठरेल.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमच्या डोक्यातील नकाशा ज्या काबुकिचोचा आहे, ते आज पूर्वीसारखे राहिलेले नाही. मालिकेतील पहिला गेम डिसेंबर २००५ मध्ये आला, तेव्हा या वस्तीच्या मध्यभागी १९५६ मध्ये उघडलेले कोमा थिएटर उभे होते. ते २००८ च्या अखेरीस बंद झाले आणि त्या जागी २०१५ मध्ये शिंजुकू तोहो इमारत आली. तिच्या आठव्या मजल्यावरील गच्चीतून रस्त्याकडे डोकावणारे गॉडझिलाचे प्रचंड डोके आता वस्तीची खूण झाले आहे. २०२३ मध्ये शेजारीच तोक्यू काबुकिचो टॉवर उघडला. गेममधील मिलेनियम टॉवर मात्र निव्वळ कल्पनेतला आहे, तो शोधत बसू नका. गंमत अशी की, खऱ्या काबुकिचोत उंच मनोरे उगवले ते गेममध्ये मिलेनियम टॉवर उभा राहिल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

वस्तीचा पूर्वेतिहास आई-बाबांना आधी सांगून ठेवलात, तर त्यांचाही त्या संध्याकाळीतला रस वाढेल असे मला वाटते. १९४५ च्या बॉम्बवर्षावात हा भाग जळून गेला. युद्धानंतर तिथे काबुकी नाटकांचे थिएटर उभारून सभ्य करमणुकीची पेठ वसवावी असा स्थानिक पुढाऱ्यांचा बेत होता, आणि त्या भरवशावर १९४८ मध्ये वस्तीला काबुकिचो हे नावही देऊन टाकले गेले. पैशांअभावी थिएटर काही उभे राहिले नाही. ज्या नाट्यगृहावरून नाव पडले ते कधी बांधलेच गेले नाही, आणि नाव मात्र सबंध जपानात गाजले! तुम्ही 'याकुझा झिरो' खेळला असाल तर त्याचे कथानक १९८८ च्या डिसेंबरात सुरू होते आणि सारी मारामारी एका चिमुकल्या मोकळ्या जागेच्या मालकीवरून चालते, हे तुम्हाला आठवत असेल. ती अतिशयोक्ती असली तरी बिनबुडाची नाही. त्या दशकाच्या अखेरीस टोकियोतील जमिनीचे भाव इतके चढले होते की, मोठ्या इमारतीच्या आड येणारे एखादे छोटे घर रिकामे करून घेण्यासाठी गुंडांकरवी दमदाटी होत असे. मोक्याच्या जागेसाठी दुकानदारावर कसा दबाव येतो हे ज्याने आपल्याकडे पाहिले आहे, त्याला हा भाग फार समजावून सांगावा लागणार नाही.

आता खबरदारीचे. गेममध्ये रस्त्यावर कोणी आडवा आला की काय करायचे ते तुम्ही शिकला आहात. ते तिथे विसरून जा. गोड बोलून "चांगले ठिकाण दाखवतो" म्हणणाऱ्या कोणाही माणसामागे जाऊ नका. असे दलाल ग्राहकाला वरच्या मजल्यावरील मद्यालयात नेतात आणि दोन पेल्यांचे बिल ऐकून पायाखालची जमीन सरकते. त्यांच्यापासून सावध राहण्याच्या सूचना त्या रस्त्यांवर ध्वनिक्षेपकांवरून सतत दिल्या जात असतात. दुसरी फसगत अधिक निरागस आहे. 'मोफत माहिती केंद्र' अशा अर्थाच्या मोठ्या झगझगीत पाट्या तुम्हाला जागोजागी दिसतील. मोबाइलवर पाटीचा अनुवाद केला की ते पर्यटकांसाठीचे कार्यालय आहे असा समज होतो, आणि बाबा नकाशा मागायला आत शिरतील. ही केंद्रे प्रौढांसाठीच्या क्लबांची माहिती देणारी असतात.

तोहो इमारतीच्या आसपास घर सोडून आलेली किशोरवयीन मुले-मुली घोळक्याने बसलेली आढळतात. जपानमध्ये हा गेल्या काही वर्षांत गंभीर सामाजिक प्रश्न झालेला आहे. गेममधील पात्रे जिवंत दिसावीत तशी ती दिसतात म्हणून त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगतो. गोल्डन गाईतही परवानगीवाचून फोटो काढू नयेत अशा सूचना लावलेल्या आहेत. तिथली दुकाने पाच-दहा माणसांची असतात, अनेक ठिकाणी नुसते बसण्याचे पैसे आकारतात आणि संध्याकाळी पाचला बरीचशी बंदच असतात. चौघांनी आत जागा मागण्यापेक्षा गल्ल्यांतून शांतपणे एक फेरी मारून पुढे जावे.

पुढे म्हणजे हानाझोनो देवळात, आणि आईला घेऊन जाण्याचे माझ्या मते हेच खरे कारण आहे. गोल्डन गाईला पाठ लावूनच हे शिंतो देवस्थान आहे. नोव्हेंबरात, जपानी पंचांगाप्रमाणे कोंबड्याच्या म्हणून मानलेल्या दिवशी, तिथे तोरि-नो-इचि ही जत्रा भरते. वर्षानुसार असे दोन किंवा तीन दिवस येतात, तेव्हा तुमच्या तारखा ठरवण्यापूर्वी त्या वर्षीचे दिवस पाहून घ्या. अंगणात कंदिलांच्या उंच भिंतीच्या भिंती उभ्या राहतात आणि धंद्यात बरकत यावी म्हणून बांबूचे सजवलेले दाताळे विकले जातात; त्यांवर सोनेरी नाणी, मुखवटे, भाताच्या लोंब्या, पाइनच्या डहाळ्या असे काय काय बांधलेले असते. मोठे दाताळे विकले गेले की विक्रेते आणि गिऱ्हाईक मिळून ठेक्यात टाळ्या वाजवतात. काबुकिचोतील मद्यालयांचे मालकही त्या गर्दीत असतात. ज्या वस्तीला बाबा नाके मुरडत आहेत, तिच्यातली माणसे देवापुढे बरकत मागताना त्यांना दिसली, तर घरातली चर्चा निराळ्या सुरात होईल.

आई शाकाहारी असतील तर जेवण काबुकिचोत ठरवू नका. जपानी रस्सा आणि नूडल्स यांत वरून मांस नसले तरी सुकवलेल्या माशांचे सार, ज्याला तिथे दाशी म्हणतात, बहुतेक वेळा असतेच.

प्रश्न : माझी मुलगी 'पर्सोना ५' हा गेम खेळते. त्यातील योंगेन-जाया ही जुनी वस्ती आणि शिबुया स्थानकाचा परिसर पाहण्यासाठी टोकियोत अर्धा दिवस द्यावा असे ती म्हणते. मला त्या खेळातले काही कळत नाही. माझ्यासारख्या माणसाला तिथे पाहण्याजोगे काही आहे काय?
– एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : आहे. माझे मत विचाराल तर, या स्तंभात आज उल्लेखिलेल्या सर्व ठिकाणांत खेळ न खेळणाऱ्या माणसाने आधी जावे असे ठिकाण हेच. योंगेन-जाया ही सेतागाया प्रभागातील सानगेनजाया या वस्तीवरून रचली आहे. शिबुयाहून देनेनतोशी मार्गाची जलद गाडी पकडली की पुढचेच स्थानक सानगेनजाया. स्थानकालगतच्या कॅरट टॉवर या इमारतीच्या सव्विसाव्या मजल्यावर विनाशुल्क निरीक्षण मजला आहे, तिथून आधी वस्तीची रचना पाहून घ्यावी आणि मग खाली उतरावे. दोन मोठ्या रस्त्यांच्या बेचक्यात युद्धोत्तर काळातील बाजाराच्या गल्ल्या अजून तग धरून आहेत. डोक्यावर तारांचे जाळे, दारापुढे सायकली, मांडीएवढ्या रुंदीच्या जागेत लावलेल्या कुंड्या, आणि पडदा बाजूला सारून आत शिरावे अशी खानावळ. गेमच्या नायकाला जिथे ठेवून घेतले जाते ते कॅफे मात्र कल्पित आहे. मुलीला हे आधीच सांगा, नाहीतर प्रत्येक कॉफीच्या दुकानापुढे तपासणी चालेल. त्या गल्ल्यांत माणसे राहतात, वरच्या मजल्यावर कपडे वाळत असतात, तेव्हा आवाज आणि कॅमेरा दोन्ही बेताने वापरावेत. परतताना तिथूनच निघणारी सेतागाया मार्गाची दोन डब्यांची ट्राम घ्या. ती घरांच्या परसदारांना खेटून जाते, आणि वाटेत मियानोसाका येथे उतरले तर पंजा वर केलेल्या मांजरांच्या शेकडो मूर्तींचे गोतोकुजी मंदिर चालण्याच्या अंतरावर आहे.

शिबुयाबद्दल तुमच्या मुलीची थोडी निराशा होण्याचा संभव आहे. गेम जपानात २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर त्या स्थानकाची प्रचंड पुनर्रचना झाली. वरची जुनी इमारत पाडली गेली आणि जाण्यायेण्याचे मार्ग बदलले. हाचिको या कुत्र्याच्या पुतळ्यापाशी वर्षानुवर्षे उभा असलेला हिरवा रेल्वेडबासुद्धा २०२० मध्ये हाचिकोच्या जन्मगावी, ओदाते येथे, हलवण्यात आला. गेमच्या आठवणीवर विसंबून तिथे गाडी बदलू नका, बाणांच्या पाट्या वाचा.

प्रश्न : शाळेत असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही 'व्हाइस सिटी' खेळत असू. आता कामानिमित्त अमेरिकेला जाण्याचा योग आहे. त्या शहराचे मूळ मायामी आहे असे ऐकतो. जावे काय?
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : जरूर जा, पण गाडीने नव्हे, पायी. २००२ च्या त्या गेममधील ओशन बीच म्हणजे मायामी बीचवरील ओशन ड्राइव्ह. गुलाबी, पोपटी, फिकट निळ्या रंगांची, गोलसर कोपऱ्यांची ती बसकी हॉटेले १९३० च्या दशकातील आर्ट डेको शैलीची आहेत. १९७० च्या दशकात ती पाडली जाण्याची वेळ आली होती. नागरिकांनी १९७६ मध्ये संस्था स्थापून लढा दिला आणि १९७९ मध्ये सारा परिसर राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेला, म्हणूनच १९८६ सालात घडणाऱ्या गेमला ती पार्श्वभूमी मिळाली. त्याच संस्थेच्या मार्गदर्शित पदयात्रा ओशन ड्राइव्हवरून निघतात, त्यांपैकी एकीला जावे.

लिटल हवाना आणि लिटल हैती ही नावे गेममध्ये जशीच्या तशी वापरली आहेत. त्यातील हैतीवासीयांविषयीच्या संवादांवर २००३ मध्ये त्या समाजाने जाहीर आक्षेप घेतला आणि प्रकाशकांना ती वाक्ये पुढील आवृत्तीतून काढावी लागली. लिटल हैतीत गेलात तर गेमचा विषय तुम्ही होऊन काढू नका.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इतवारी आणि महाल यांवर आधारित एक छोटा गेम आम्ही मित्र तयार करत आहोत. खऱ्या वस्तीवरून गेममधील वस्ती कशी घडवावी?
– एक वाचक, हंसापुरी, नागपूर

उत्तर : तुमचे पत्र वाचून सर्वांत अधिक आनंद झाला, कारण आजवर बहुतेक गेममध्ये आपल्या शहरांचे चित्रण बाहेरच्यांनीच केले आहे. २०१८ च्या 'हिटमॅन २' मध्ये मुंबई आहे. गर्दी, झोपड्या, धुणे वाळत घातलेल्या ओळी असे सारे आहे, परंतु चर्चगेट लोकलमध्ये चौथी सीट मागणारा मुंबईकर त्यात सापडत नाही.

पहिला निर्णय सालाचा करा. सेंट्रल अव्हेन्यूवर मेट्रोचे खांब दाखवणार की नाही? डिसेंबर २०२२ मध्ये सीताबर्डीपासून प्रजापतीनगरपर्यंत मेट्रो धावू लागली आणि त्या रस्त्यावरचे आकाशच बदलले. २०१० ची इतवारी दाखवायची असेल तर आजचे फोटो तुम्हाला दगा देतील. साल पक्के करण्याचा फायदा काय होतो ते 'शेनम्यू' या १९९९ च्या जपानी गेममध्ये पाहण्यासारखे आहे. तो योकोसुका शहरात, १९८६ च्या नोव्हेंबरअखेरीस सुरू होतो, आणि त्या हिवाळ्यातील तिथल्या हवामानाच्या नोंदींप्रमाणे ऊन, पाऊस, बर्फ दाखवण्याची सोय त्यात केली होती. दोबुइता हा त्यातील खरा रस्ता पाहायला आजही खेळाडू जातात, आणि त्यांच्यासाठी शहरातर्फे नकाशा काढण्यात आला. नागपूरच्या मे महिन्याला हे तंत्र लावून पाहा. दुपारी दोनला सराफ्यात रस्ता ओस पडतो, दुकानांपुढे हिरवी जाळी आणि कूलरचा घरघराट एवढेच उरते, आणि सहानंतर तोच रस्ता पाय ठेवायला जागा देत नाही. एकाच गल्लीची ही दोन रूपे दाखवता आली, तर दहा गल्ल्या कमी असल्या तरी चालतील.

दुसरे, वस्ती आक्रसून घ्या. कामुरोचो खऱ्या काबुकिचोचे चिमटीत धरता येईल असे रूप आहे. खेळणाऱ्याचा कंटाळवाणा चालण्याचा भाग गाळून ओळखीच्या खुणा जवळजवळ आणल्या आहेत. तुम्हीही गांधी गेटमधून शिरून बडकस चौक, आणि तिथून चार वळणांत शहीद चौक असे जोडू शकता. नागपूरकर हसेल, पण हरवणार नाही. दुकानांची खरी नावे मात्र मालकाच्या लेखी संमतीवाचून घेऊ नका. नाव बदलून, पाटीचा रंग आणि अक्षरांचे वळण तेवढे ठेवले की काम भागते.

मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घालवण्यासाठी काढल्या जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक गेममध्ये घ्यायची असेल, तर ती चित्रफितींवरून उभी करू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळीच इतवारीत एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची धरा, आणि एकाने खाली गर्दीत राहून केवळ आवाज ध्वनिमुद्रित करावा. काळी आणि पिवळी मारबत समोर येते तेव्हा 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी वरून ऐकू येते ती निराळी, आणि खाली अंगावर येते ती निराळी. तुमच्या खेळाडूला दोन्ही लागतील.